एकोणीस वर्षांचा मी आणि मळमड्डीचे वकीलअप्पा

आज माझ्या नावापुढं पदवी आहे, आमच्या घराण्यातली पहिली, आणि ती ज्यांच्यामुळं आहे ते धारवाडच्या मळमड्डीतले वकीलअप्पा. वाहतुकीचे सगळेच्या सगळे नियम मनापासून पाळणारा या भूतलावर एकच माणूस जन्माला आला, आणि त्यानं जन्मात कधी मोटार चालवली नाही!

त्यांच्याकडं होती एक काळी सायकल. वळायच्या आधी हात दाखवायचे, ते सायकलवर तर झालंच, पायी चालतानाही. एवढंच कशाला, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडं वळतानाही उजवा हात ताठ! "अहो, घरात तरी माणसासारखं चाला," काकू वैतागायच्या. "मागून तू गरम भांडं घेऊन येतेस, तुला कळायला नको?" अप्पांचा सवाल. लाल दिव्यापाशी सायकल थांबवून ते इतके ताठ उभे राहायचे, की एकदा दिवाच बिघडला तेव्हा हवालदार येऊन हात दाखवीपर्यंत जागचे हलले नाहीत म्हणे. कोणाच्या गाडीवर मागं मात्र कधी बसले नाहीत. "जिथं ब्रेक माझ्या हातात नाही, तिथं मी नाही!"

असा माणूस कोर्टात कोणाचं वकीलपत्र घ्यायचा? विनालायसन गाड्या पिटाळून कोणाला तरी धडकलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचं! तेही फुकट. शिवाय त्या पोरांना ते 'अहो' म्हणायचे. फौजदाराला 'अरे' म्हणतील, कारण तो कधीकाळी त्यांच्याकडं शिकवणीला यायचा. पण ओठावर लव फुटलेल्या आरोपीला 'आपण'. "त्याला आज जगात दुसरं कोणी अहो म्हणणार नाही," हे त्यांचं कारण.

त्यांच्या 'आपण'मध्ये मीही एकदा सापडलो.

आमचं गाव अळणावरजवळ. आई-वडील मजुरी करायचे. मला धारवाडला ठेवून शिकवत होता तो माझा मामा, अमरगोळच्या बाजार आवारातला हमाल. त्या दिवशी तो डबा विसरून गेला. "गाडी घे आणि ये," फोनवर म्हणाला. लायसन कोणाला सुचतं! मी मामाच्या नव्या मोटारसायकलवर राजासारखा निघालो, मळमड्डीचं वळण जोरात घेतलं, आणि रस्ता ओलांडणाऱ्या फुलवाल्या अक्कांना धडकलो. शेवंती रस्ताभर पसरली. अक्कांचा पाय दोन जागी मोडला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

ठाण्यात मामा धावत आला आणि माझ्या कानाशी लागला. "वय विचारलं तर एकोणीस सांग. लहान पोराला गाडी दिली म्हणून मला आत टाकतील." ज्यानं पाठीवर पोती वाहून माझी फी भरली त्याचा शब्द मी मोडणार? "एष्टु वयस्सु?" फौजदारांनी कन्नडमध्ये वय विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "हत्तोंबत्तु! एकोणीस!" आणि तसं कागदावर चढलं.

इतक्यात सायकलची घंटी वाजली. वळणावरच्या अपघाताची बातमी ऐकून वकीलअप्पा आले ते हातात गिरमिटाचा, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांचा, पुडा घेऊन. "आधी आपण खा. भुकेलं पोर कशालाही हो म्हणतं." मी चुरमुरे चघळत असताना त्यांनी सहज विचारलं, "आपला जन्म कधीचा?"

"एक जून."

"वा! आमच्या तालुक्यात अर्धी पोरं एक जूनलाच जन्मतात, हेडमास्तरांच्या कृपेनं. आणि साल?"

मी साल सांगितलं, आणि वकीलअप्पा टाळी वाजवून उठलेच! मी वय पाठ केलं होतं, साल पाठ करायचं राहून गेलं होतं.

"अरे फौजदारा, हे सतरा वर्षांचं लेकरू आहे! शाळेचा दाखला तासाभरात आणतो. लॉकअपचं दार याच्यासाठी नाही!" मग माझ्यासमोर पंजा धरून एकेक बोट दुमडलं. "कोठडी नाही. बेडी नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर. वकील आणि जामीन, हा आपला हक्क. झाली चार बोटं. आणि अंगठा? तो जिला लागलं तिचा. तिच्याकडं गेल्याशिवाय मूठ पुरी होत नाही."

"आणि माझा मामा?" मी रडकुंडीला आलो. "खरं बोललो तर मामा अडकतो!"

अप्पा मामाकडं वळले. "एकोणीसचा झाला तर मोठ्यांच्या कोर्टात जाईल, आणि नोकरीच्या प्रत्येक अर्जात हे लिहीत बसेल. बोला."

मामा फौजदारांच्या टेबलापाशी गेला. मग म्हणाला, "साहेब, सतरा लिवा. गाडी घे म्हणून मीच सांगितलं."

मंडळासमोर ना पिंजरा होता, ना खाकी. मला जामीन मिळाला, पुढं हाडांच्या वॉर्डात तीन महिने सेवा, आणि पंचविशीपर्यंत लायसन बंद. मामाला दंड झाला, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द झाली. त्याच वॉर्डात अक्का होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. पंधराव्या दिवशी, माझी ठाण्यातली वयाची थाप ऐकल्यावर, म्हणाल्या, "ए एकोणीस, पाणी दे!"

आता काकू नाहीत. वकीलअप्पा मुलीकडं पुण्याला असतात, डोळे अधू झालेत, पत्रं ती वाचून दाखवते. जाताना सायकल मला देऊन गेले. परवा मी त्यांना लिहिलं :

"ती. वकीलअप्पांना सा. न. वि. वि.

पदवीचा निकाल लागला. मी पास झालो. मामानं पेढे वाटताना आवारात सगळ्यांना पहिलं नाव तुमचंच सांगितलं. सायकल रोज पुसतो. लाल दिव्यापाशी थांबतो, मागचे हॉर्न वाजवतात, मी हलत नाही.

येत्या एक जूनला मला पंचवीस पुरी होतील. लायसन काढीन म्हणतो. मामा गाडी द्यायला तयार आहे, पण मागं बसायचा पहिला नंबर अक्कांनी लावून ठेवलाय. 'बघू तरी हा एकोणीस वळण कसं घेतो,' म्हणतात. दुसरा नंबर मी कोणाला दिलेला नाही. ब्रेक माझ्या हातात असेल, अप्पा. बसाल?"