नाकावरचं शिंग

अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. प्लास्टिकबंदी आली, त्यानंतरची पहिली संक्रांत. डहाणू रोडला रेल्वे क्वार्टरमधल्या आमच्या घरी हळदीकुंकू होतं. वाण म्हणून कापडी पिशव्या लुटायच्या ठरल्या होत्या आणि त्यांवर छापायचा होता माझ्या लेकीनं काढलेला तीन शिंगांचा डायनोसॉर.

लेक तेव्हा सहावीत. महिनाभर त्या एका चित्रामागे लागली होती. डोळ्यांवरची दोन लांब शिंगं तिला जमली, पण नाकावरचं आखूड शिंग काही केल्या जमेना. खोडून खोडून कागद फाटायचा, ही रडायची, डोळे पुसून पुन्हा बसायची. शेवटी जमलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते, तर पिठाच्या हातातच तिनं कागद कोंबला. पिशव्या आपणच वाटायच्या म्हणून मैत्रिणींच्या आयांना ती घरोघरी जाऊन बोलावून आली.

छपाईला दिलं होतं स्टेशनजवळच्या गुजराती दुकानदाराकडे. माझी थोरली जाऊ सरावलीला राहते, ती येताना पिशव्या आणणार होती. पण मला न विचारता ती त्याआधीच एकदा दुकानात जाऊन आली होती, हे मला कुठलं माहीत!

बायका येऊन बसल्या, गठ्ठा सुटला, लेकीनं खुशीत पिशव्या वाटायला घेतल्या आणि मध्येच तिचा हात थांबला. पिशवीवर बैल होता. नाकावरचं शिंग गायब, पाठीला वशिंड, गळ्यात घंटा, कपाळावर गंध.

जाऊ कौतुकानं सांगायला लागली, असलं राक्षसी जनावर कुणी सवाष्णींच्या ओटीत घालतं का, म्हणून मीच त्याचा नंदी करून घेतला, दुकानदारही 'सारू, बेन' म्हणत लगेच तयार झाला. बायका माना डोलावत होत्या. लेक भिंतीला टेकून उभी. रडली असती तर बरं झालं असतं, पण ती रडेनासुद्धा.

काय हा आगाऊपणा! पोरीनं महिनाभर जीव काढला आणि हिनं उभ्या उभ्या त्याचा बैल केला!

दिलेलं वाण परत मागायचं नसतं, हे काय मला कळत नाही? तरी मी उठले.

"पिशव्या परत द्या," मी म्हणाले. "सगळ्यांनी."

कुणी हलेना. जाऊ पुटपुटली की हा अपशकुन आहे. तो तुमच्याच हातून झालाय, असं मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं. तिळगूळ हातात धरून मी भांडले, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. मग एका मैत्रिणीच्या आईनं पिशवी पुढे केली, मागोमाग बाकीच्यांनी.

बायका गेल्यावर लेकीनं कापडाचे रंग आणले. वशिंड निघेना, घंटाही तशीच राहिली, पण प्रत्येक नाकावर लालभडक शिंग आलं. आम्ही दोघींनी दारोदार जाऊन वाण पुन्हा दिलं. उरली जावेची पिशवी. मी ब्रश उचलला तर लेकीनं माझा हात धरला.

"काकूची तशीच राहू दे," ती म्हणाली. "तिला भीती वाटते."

मी सरावलीला जाऊन पिशवी जावेच्या हातात दिली आणि पोरीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.