मुबारक वल्द कोण

शाळेत विज्ञान शिकवावं आणि गप घरी जावं, तर आमचे कमळाकर दातार मास्तर आंब्याला तार बांधून बॅटरीच्या रेडिओला कान लावून बसायचे. सगळं पनवेल हसायचं. त्याच शाळेत गणित शिकवणारा मीही हसलो आहे. आता लाज वाटते.

साल त्रेचाळीस. जपान्यांचं स्टेशन संध्याकाळी कैद्यांची नावं वाचायचं: नाव, 'वल्द' म्हणून बापाचं नाव, गाव. बुडालेल्या एका बोटीवर मोहल्ल्यातले दोन खलाशी होते, दोघेही मुबारक. खतीजाबीच्या मुबारकचा बाप हसन, नूरुन्निसाच्या मुबारकचा अली. खतीजाबी रोज दिवेलागणीला मास्तरांच्या ओटीवर येऊन बसे. नूरुन्निसाला तेवढा धीर नव्हता.

एकदा खरखरीतून स्पष्ट आलं, "मुबारक, वल्द..." आणि आवाज बुडाला. वर आला तेव्हा "पनवेल" एवढंच ऐकू आलं नि पुढचं नाव सुरू झालं.

"मास्तर, माजाच ना?" खतीजाबीनं विचारलं.

आवाज का बुडाला ते मास्तरांना पुरतं ठाऊक होतं, मला शंभरदा ऐकवलं होतं. आकाशात उंचावर विजेनं भारलेल्या कणांचा थर आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे त्यात शिरलेल्या एका लाटेच्या दोन होतात, वेगळ्या वाटांनी खाली येतात आणि कधीकधी एकमेकींना पुसून टाकतात. पण बापाचं नाव पुसलं गेलं हे म्हातारीला सांगायला जीभ रेटेना.

"हो, तुमचाच," ते म्हणाले.

रेशनचे दिवस. खतीजाबीनं घरातली सगळी साखर मोहल्ल्यात वाटली. नूरुन्निसाच्या हातावरही ठेवली. ती बिचारी काय समजायचं ते समजली आणि मूठ मिटून घरी गेली.

चार महिन्यांनी कैद्यांच्या छावणीतून कार्ड आलं. नूरुन्निसाच्या नावे, तिच्या मुबारकच्या अक्षरात.

मास्तर मला घेऊन खतीजाबीच्या दारात गेले. माफी मागायची होती, पण ते उंबऱ्याबाहेरच चपला काढत राहिले. तेवढ्यात नूरुन्निसा साखरेची वाटी घेऊन आली आणि तीही दारातच अडखळली.

खतीजाबी उठली. तिनं वाटी हातानं झाकली. "तू नको वाटू. तुज्या मुबारकची साखर मी वाटलीय," म्हणाली, आणि तिथंच खाली बसून रडू लागली. मीही रडलो.

लढाई संपली, ते स्टेशन बंद पडलं. मास्तर तरी रोज दिवेलागणीला रेडिओचा काटा त्याच जागी लावून बसत. आता कुणी हसत नव्हतं. बासष्टात ते गेल्यावर मी त्यांची वही उघडली. रोजची तारीख होती आणि प्रत्येक तारखेपुढे तीच ओळ: मुबारक वल्द हसन, ऐकू आलं नाही.