देशमुखिणीचं झंपर

मैत्रिणींनो, आज दुपारी मी माझ्याच घरात, मीच शिवलेल्या कपड्यात अडकून बसले.

पोरगी हैदराबादले कंपनीत आहे. तिथं हॅलोविनची पार्टी, सगळ्यांनी भुतं व्हायचं. "आई, मला निजामाच्या काळातली देशमुखीण कर," म्हणाली. जुना मखमली पडदा फाडून लांब बाह्यांचं झंपर शिवलं, मागं चेन लावली. माप पाहायला स्वतःच घातलं, डोक्यावर जरीचा पदर घेतला, अन् चेन अर्ध्यातच अडकली.

तेवढ्यात माझी आई बाजारातून आली. तिची सारी उमर देशमुखाच्या वावरात निंदता-खुरपता गेली. मला पाहून ती दारातच थबकली. चपला काढून हातात घेतल्या, मान खाली घातली.

"आई, मी हाव ना वं! चेन काढ जरा."

ओळखलं, तरी उंबरा ओलांडेना. "आंदी ते काढ, मंग मी येतो."

कसं काढू? माझा हात पाठीवर पुरेना, अन् जिचा पुरला असता ती बाहेर उन्हात उभी.

शेवटी शेजारणीनं कात्रीनं चेन कापली. आई आत आली, पाणी प्याली.

आता पोरगी फोनवर विचारून राह्यली, "आई, मला पाहून लोक भितील ना?"

तुमीच सांगा, काय सांगू तिले?