सुलभाताईंचा मोठा मॉनिटर

नवं यंत्र आणताना, त्याच्यापुढे कोण बसणार आहे हे तुम्ही कधी विचारता का? आमच्या छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या सुलभाताईंना नवा लॅपटॉप मिळाला. त्यांचा मोठा मॉनिटर त्याला थेट जोडताच येईना. अडॅप्टर आणला. चित्र आलं, पण अक्षरं धुरकट.

"वाफेतून वाचू का रे? त्यापेक्षा मला घरी बसवा की!" ताई हसल्या, पण चष्मा पुसतच राहिल्या.

मला संताप आला. दोष अडॅप्टरचा आणि राजीनामा डोळ्यांनी द्यायचा?

पूर्ण रिझोल्यूशन पेलणारा दुसरा अडॅप्टर लावला. अनुस्वारसुद्धा लख्ख उमटले.

"आले बघ माझे सगळे!" ताई म्हणाल्या.

कुणाला थकलेलं ठरवण्याआधी, मधली जोडणी एकदा बदलून पाहा.