घोंगडीतली शिट्टी

मंडळी, हाताला अजून हुरड्याचा वास आहे, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून ही पोस्ट लिहितोय.

दुपारी मंद्रूपला मित्राच्या शेतात हुरडा पार्टी होती. आमच्यातला सुभाष पीत नाही. "बिअरनं माज्या अंगावर गांध्या उठत्यात," म्हणाला. "बायकूला भितो म्हण की!" असं हिणवत दोस्तांनी पाजलीच.

थोड्या वेळात त्याची मान लालभडक झाली, ओठ सुजले. "पित्त उठलंय, घोंगडीत गुंडाळा, उतरंल!" कुणीतरी ओरडलं. गुंडाळला. वर एकजण बसला. व्हिडिओ काढत सगळे लोळून हसले.

मला आतून बारीक शिट्टी ऐकू आली. तो सुभाषचा श्वास होता. वरच्याला ढकललं, सुभाषला गाडीत टाकून सोलापूर गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅलर्जी आहे. थोडा उशीर झाला असता, तर हाती काही उरलं नसतं."

सुभाष वाचला. पण व्हिडिओ ग्रुपवर फिरला, त्याच्या बायकोपर्यंत पोचला. त्यात तोंडं दिसत नाहीत. ती दवाखान्यात आलीय, मला विचारते, "भाऊजी, ह्यांच्या अंगावर बसून कोण हसतंय?"

तो हसणारा आत्ता तिच्याच शेजारी बसलाय. "वैनी, मी हाय की," म्हणत धीर देतोय, मधूनमधून मोबाईल बघतोय.

म्हणजे ही पोस्ट वाचतोयच. मंडळी, तो बोलेल की मी बोलू?