माळावरच्या तीन खुंट्या

कोणतीही नवी गोष्ट मला आवडू लागली की मी आधी स्वतःवर संशय घेतो. त्याला कारण आहे. साताऱ्यात अर्थशास्त्र शिकवत असताना मी मोडी शिकलो, जर्मन अर्ध्यावर सोडले, पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या, दोन उन्हाळे जलरंगांत घालवले. प्रत्येक वेळी हेच आपले काम असे वाटले आणि प्रत्येक वेळी ते वाटणे खोटे निघाले. म्हणून चौपन्नाव्या वर्षी दूरशिक्षणाने भूजलाचा अभ्यासक्रम पुरा केला, तेव्हा घराबाहेर कुणाला कळू दिले नाही.

बातमी तरीही उंब्रजला चुलतभावाकडे पोचली. तो सैन्यातून निवृत्त होऊन शेती पाहतो. माळाकडच्या उसासाठी त्याला बोअर घ्यायचे होते, आणि ते एकदाच घेणे त्याला झेपणार होते. जागा दाखवायला त्याने मला बोलावले; शिराळ्याकडचा एक पाणाडीही त्याने बोलावला होता. आम्हां दोघांपैकी कुणाला तरी खोटे पाडण्याचा हा बेत असावा, असे मला वाटले.

पाणाडी तळहातावर नारळ घेऊन रान फिरला. नारळ उभा राहिला तिथे त्याने चुन्याची फुली मारली. त्याच्या मनगटावरून मी नजर हलवली नव्हती.

"सर, हात बघताय व्हय? बघा की," तो हसत म्हणाला. "पर सकाळधरनं शेजारच्या चार हिरी बघून आलोय, ते कुठं बघितलंसा?"

मी एकही विहीर पाहिली नव्हती. तरी उतार, खडक, झाडे यांवरून मी तीन ठिकाणी खुंट्या ठोकल्या आणि कोणत्या जागी पाण्याची शक्यता किती, ते कागदावर लिहून दिले. चुलतभावाने कागद वाचून घडी घातली.

"तीन?"

"शक्यता सांगितल्या."

"आरं, तीन ठिकाणी मशीन लावायला मी काय सरकार हाय व्हय? ल्हानपणापासनं तुझं ह्येच. जत्रंत पाळण्यात बी बसायचं आन् तवाच कुस्ती बी बघायची. एक जागा दाव गड्या. न्हाईतर ह्यो चुना हाय."

माझे बोट उचलेना. चूक झालीच तर ती पुरती आपल्या माथी येऊ नये, एवढ्यासाठीच मी तीन खुंट्या ठोकल्या होत्या. इतकी वर्षे एक सोडून दुसरे धरताना मी हीच पळवाट राखत आलो असेन काय, अशी शंका त्या उन्हात मला प्रथम आली.

मी तीन आठवडे मागून घेतले. दर रविवारी टेपला वजन बांधून शिवारातल्या विहिरी मोजत फिरलो. लोकांना मी मीटर बसवायला आलेला सरकारी माणूस वाटे. "आमच्या हिरीत पानी न्हाई, जावा," असे एका म्हातारीने सांगितले, तेव्हा तिच्या पाठीमागे पंप चालू होता. चुलतभावाच्या जुन्या विहिरीवर मात्र मी दिवसदिवस बसलो. पंप बंद केल्यावर पाणी किती वेळात किती चढते, ते लिहीत राहिलो. तेथे कंटाळा आला नाही, यावरही माझा फारसा विश्वास बसला नाही.

तिसऱ्या रविवारी मी खुंट्या उपटल्या.

"नवे बोअर घेऊच नकोस," मी म्हणालो. "जुन्या विहिरीतला गाळ काढ आणि वरच्या अंगाला आडवे बोअर मार. पाणी त्या बाजूने येते, पण त्याची वाट बुजली आहे. चुकलो तर माझे नाव सांग."

"नाव तर मी सांगणारच," तो म्हणाला.

वैशाखात त्याचा फोन आला. "हाय पानी. दोन पुरुष खोल हाय. पर ते तुझ्यामुळं हाय, असं मी इतक्यात म्हनत न्हाई."

तसे मीही म्हणत नव्हतो. ही आवड टिकेल की आधीच्यांसारखी विरून जाईल, हे मला आजही सांगता येत नाही. दोन पुरुष हा त्याचा अंदाजही मला पटला नाही. रविवारी पहिल्या गाडीने टेप घेऊन मी उंब्रजला गेलो.