साडूंची वायर

माझ्या थोरल्या साडूंइतका वायरींवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. अंबरनाथच्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि कुळगावच्या घरी, लोक लोणच्याच्या बरण्या जपतात तशा वायरी जपू लागले. एकदा मी चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळली, तर कळवळून म्हणाले, "अहो, मान मुरगळताय तिची!"

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आमच्या लग्नाचं जुनं चित्रण हॉलमध्ये पडद्यावर दाखवायचं ठरलं. त्यात सासरे माइकवर दोन वाक्यं बोलले आहेत. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा आवाज उरलाय तो तेवढाच. प्रोजेक्टर साडूंचा, लॅपटॉप माझा, पण एकाची वायर दुसऱ्यात जाईना. साडू मला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात निघाले. रिक्षात प्रोजेक्टर त्यांच्या मांडीवर, शालीत गुंडाळलेला. शेजारी बसलेल्या बाई वाकून म्हणाल्या, "किती महिन्यांचं?"

"घ्या साईं, सौ टका चलेगा," सिंधी दुकानदार वायर पुढे करत म्हणाला.

"लावून बघू," साडू म्हणाले, आणि त्यांनी गल्ल्याशेजारीच मांडामांड केली. पडदा म्हणून समोरच्या साडीच्या दुकानाचं बंद शटर. काहीच उमटेना. "ही नुसती चार्जिंगची आहे. चित्र नेणारी द्या." दुसरी वायर लावली, आणि भर बाजारात शटरभर मी उमटलो, लॅपटॉपच्या स्क्रीनवर लावलेल्या फोटोतला, अलिबागच्या किनाऱ्यावर, हाफ पँटमध्ये. दोन बायका थांबून बघू लागल्या. साडूंना त्याचं काय! "रंग बघा, रंग!" म्हणत ते वायर कुरवाळत होते.

सोनिवलीच्या हॉलमध्ये चित्र झकास आलं. आवाज मात्र प्रोजेक्टरच्या पोटातून चिलटासारखा. सासऱ्यांचे ओठ हलत होते आणि पुढच्या खुर्चीतल्या सासूबाईंना अक्षर ऐकू येत नव्हतं. साडूंनी शांतपणे खिशातून एक लांब काळी वायर काढली, लॅपटॉपमधून हॉलच्या स्पीकरला जोडली, आणि चित्रण मागे नेलं.

"जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही! आइस्क्रीम पुष्कळ आहे!" सासऱ्यांचा आवाज हॉलभर घुमला. मी इतका मोठा श्वास सोडला की बायकोने वळून पाहिलं.

"पुष्कळ कुठलं?" सासूबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "शेवटच्या पंगतीला संपलं होतं. यांना आपलं उगीच… जावईबापू, पुन्हा लावा हो."

साडूंनी पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. जेवणं सुरू झाली तरी ते हलेनात, म्हणून मी बोलवायला गेलो. लॅपटॉपमधली पिन सैल होती, म्हणून ते ती अंगठ्याने दाबून उभे होते.

"तुम्ही जेवून घ्या," ते हळूच म्हणाले. "आईंचं ऐकून होऊ दे."